वाचक विचारतात : मक्याच्या मुलखातील पशुवैद्य

मागच्या अंकातील एका उत्तरात मी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील लहान गावातल्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा ओझरता उल्लेख केला होता. अडलेल्या गायीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी शेतकरी आणि डॉक्टर गोठ्यात उभे राहून आधी वासरांच्या बाजारभावाविषयी बोलतात, असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यावर बरीच पत्रे आली. काहींना ते निर्दय वाटले, तर काहींना अगदी ओळखीचे. या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे संकरित गायी आहेत आणि डॉक्टर मोटारसायकलवर येतात. तुमच्याकडे पशुवैद्याचा दिवस कसा जातो? रात्री गाय अडली तर कोण येते? (एक दूध उत्पादक, बारामती)

उत्तर : आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या भागांतील लहान गावांत 'मिश्र प्रॅक्टिस' हाच दवाखान्याचा नेहमीचा प्रकार आहे. सकाळी मांजरीची नसबंदी करायची, कुत्र्याचे दात साफ करायचे, आणि दुपारी पिकअप घेऊन गोठ्यांवर जायचे, असा तो दिवस असतो. गाव म्हणजे धान्याचे उंच कोठार, पाण्याची टाकी, दोन-तीन चर्च, एक शाळा आणि हजार-दीड हजार वस्ती. बाहेर मैलामैलावर एकमेकांना काटकोनात छेदणारे खडीचे रस्ते असल्यामुळे पत्ता शोधायला रात्रीही अडचण येत नाही. अडचण येते ती वाऱ्याने त्याच रस्त्यांवर आणून टाकलेल्या बर्फाची. पिकअपच्या मागच्या भागात खणाखणांची मोठी पेटी बसवलेली असते. तिच्यात औषधे, लसींसाठी लहान फ्रिज, साखळ्या, दोर आणि गरम पाण्याची टाकी असते. या सगळ्यांत टाकी सर्वांत मोलाची, कारण उणे २० अंश सेल्सिअसमध्ये उघड्या कुरणाजवळ हात धुवायला कोमट पाणी दुसरीकडून मिळत नाही.

मांसासाठी पाळलेल्या गायींची विण्याची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल अशी एकत्र आलेली असते, आणि त्या काळात फोन रात्री येतो हे सांगायला नको. ज्या दवाखान्यात तीन डॉक्टर आहेत तिथे रात्रपाळी वाटून घेता येते. जिथे एकच आहे तिथे पाळी हा शब्दच लागू पडत नाही. फोनवर पहिले प्रश्न ठरलेले असतात. पाण्याची पिशवी केव्हा फुटली? पाय दिसतात का? दिसत असतील तर खुरांचे तळवे जमिनीकडे आहेत की आकाशाकडे? तळवे खाली असतील तर बहुधा पुढचे पाय आहेत आणि डोके मागे वळलेले असण्याची शक्यता धरायची. तळवे वर असतील तर वासरू बहुधा मागच्या पायांनी येते आहे, आणि मग घाई करावी लागते, कारण डोके आत असतानाच नाळ दाबली जाते. बारामतीच्या गोठ्यातही हे प्रश्न असेच विचारले जात असतील, याची मला खात्री आहे.

गोठ्यावर पोहोचल्यावर खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून, भरपूर वंगण घेऊन, आधी शांतपणे चाचपायचे. साखळी लावताना घोट्याच्या वर एक फास आणि खाली अर्धी गाठ द्यावी लागते, म्हणजे ओढ दोन ठिकाणी विभागली जाते आणि वासराच्या पायाचे हाड मोडत नाही. हाताने होत नसेल तर यांत्रिक ओढणी असते. पण डोके आणि दोन्ही खांदे गायीच्या कटीत, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात, शिरणारच नसतील तर ओढत राहणे हा शुद्ध मूर्खपणा असतो आणि डाव्या कुशीतून सिझेरियन करावे लागते. गाय उभीच असते, कुशीतील नसा लिडोकेन टोचून बधिर केलेल्या असतात. डावी बाजू निवडण्याचे कारण साधे आहे : त्या बाजूला कोटीपोट, म्हणजे गायीच्या चार पोटांपैकी पहिले आणि सर्वांत मोठे, असते आणि ते आतडी बाहेर येऊ देत नाही. वासरू बाहेर आले की नाकपुडीत गवताची काडी फिरवायची, छातीवर बसते करायचे आणि पहिल्या काही तासांत चीक पोटात जाईल हे पाहायचे. गारठलेल्या वासराला कोमट पाण्याच्या टबात ठेवतात. टब नसेल तर पिकअपमध्ये पुढच्या सीटच्या पायाशी, हीटर पूर्ण सोडून. तरीही कानांची टोके कधी कधी गोठून गळून पडतात आणि शरद ऋतूतील लिलावात अशा आखूड कानांच्या वासरांना भाव कमी मिळतो.

विणीचा हंगाम सरला की पाठोपाठ वळूंची प्रजननक्षमता तपासणे, जुलै-ऑगस्टमध्ये जत्रांना जाणाऱ्या जनावरांचे आरोग्यदाखले, आणि शरद ऋतूत शेकडो गायी लोखंडी खोड्यातून एकामागून एक काढत गाभण-तपासणी, असे वर्ष फिरत राहते. अलीकडे बरेच शेतकरी अडलेली गाय ट्रेलरमध्ये घालून दवाखान्याच्या खोड्यातच आणतात. तिथे उजेड असतो, ऊब असते आणि डॉक्टरचा एक तास रस्त्यावर जात नाही.

प्रश्न : आयोवात हजारो डुकरांचे गोठे असतात असे वाचले. तिथे डॉक्टर एकेका जनावराला तपासतो का? (एक विद्यार्थी, शिरवळ)

उत्तर : नाही. आयोवात माणसे सुमारे ३२ लाख आणि डुकरे सुमारे अडीच कोटी आहेत; देशातील जवळजवळ एक तृतीयांश डुकरे या एका राज्यात आहेत. १९८० च्या सुमारास डुकरे पाळणारी शेते साठ हजारांहून अधिक होती, आज ती सहा हजारांच्या आसपास उरली आहेत, आणि जनावरांची संख्या मात्र वाढली आहे. २,४०० डुकरांच्या एका गोठ्यात 'रुग्ण' असतो तो कळप. डॉक्टर तिथे खाद्य, पाणी, हवा, मृत्यूचे आकडे आणि शवविच्छेदन पाहतो. लस कोणत्या आठवड्यात द्यायची हे ठरवतो.

नमुने घेण्याची एक पद्धत तुम्हाला आवडेल. कप्प्यात जाड सुती दोर टांगतात. डुकरे कुतूहलाने येतात आणि वीस-तीस मिनिटे तो चघळतात. मग दोर पिळून त्यातील लाळ बाटलीत भरतात आणि आयोवातल्याच एम्स गावी असलेल्या राज्य विद्यापीठाच्या निदान प्रयोगशाळेत पाठवतात. एकाही जनावराला न धरता, सुई न टोचता, पूर्ण कप्प्याचा नमुना मिळतो. २०१३ मध्ये डुकरांच्या साथीच्या अतिसाराचा विषाणू या देशात प्रथम सापडला, तेव्हा आठवड्याच्या आतील पिल्ले जवळजवळ सगळीच्या सगळी दगावत होती. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला आणि वाहनाला गोठ्यात येऊ देण्याचे नियम फार कडक झाले. अनेक ठिकाणी आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा, डॉक्टरला अंघोळ करावी लागते.

या कामासाठी आता डुकरांचेच तज्ज्ञ असलेले मोठे गट आहेत. लहान गावातल्या मिश्र दवाखान्याच्या हातून हे काम बरेचसे निसटले आहे, आणि त्याच्या जमाखर्चाला बसलेला पहिला मोठा धक्का तोच होता.

प्रश्न : पैशांसाठी जनावर मरू देणारा डॉक्टर हा डॉक्टर कसला? तुमचे ते वाक्य वाचून वाईट वाटले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला राग मला कळतो, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणार नाही. येथील शेतकऱ्याची गाय हे त्याचे भांडवल आहे. तिच्यावर होणारा खर्च तिच्या किंवा तिच्या वासराच्या किमतीपेक्षा जास्त झाला, तर तो खर्च त्याच्या मुलांच्या ताटातून येतो. डॉक्टर हा हिशेब टाळत नाही. तो हिशेब शेतकऱ्यासमोर मोकळेपणाने मांडणे हे त्याचे कामच आहे, असे माझे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. विस्कॉन्सिनमधील दुभत्या गायींत विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चौथे पोट वायूने फुगून डावीकडे वर सरकण्याचा विकार वारंवार दिसतो. बरगडीवर स्टेथोस्कोप ठेवून शेजारी बोटाने टिचकी मारली की धातूच्या भांड्यावर मारल्यासारखा नाद येतो, आणि एकदा तो ऐकला की पुन्हा विसरत नाही. शस्त्रक्रियेला काही शे डॉलर लागतात. गाय तरुण आणि दुधाची असेल तर ते पैसे दुधातून फिटतात आणि निर्णय सोपा असतो. तीच गाय सातव्या वेताची, लंगडी, कासदाहाने एक सड गेलेली असेल, तर शेतकरी तिला विकतो. विकणे म्हणजे कत्तलखान्याला विकणे, हे आपल्यापासून लपवण्याचे कारण नाही.

यातील खरी कसोटी वेळेची असते. औषध दिलेल्या जनावराचे मांस ठरावीक दिवस उलटल्याशिवाय विकता येत नाही; प्रत्येक औषधाचा कालावधी वेगळा असतो आणि त्याचा हिशेब डॉक्टरच्या सहीने चालतो. शिवाय स्वतःच्या पायांवर उभे राहू न शकणारी गाय-बैलवर्गातील मोठी जनावरे माणसाच्या अन्नासाठी कापण्यास २००९ पासून देशभर बंदी आहे. म्हणजे पहिले इंजेक्शन देण्याच्या आधीच, गाय अजून उभी असताना, वाचवायची की विकायची हे ठरवावे लागते. औषध सुरू केले आणि चार दिवसांनी ती बसली, तर विकण्याचा मार्गही बंद आणि बरी होण्याचाही. मग उरते ते वेदनारहित मरण देणे, आणि तेही लवकर केलेले बरे. 'अजून एक दिवस पाहू' या वाक्याने जनावरांचे जितके हाल होतात तितके हिशेबाने होत नाहीत, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. महाराष्ट्रात गाय कत्तलीसाठी विकण्याचा मार्ग कायद्यानेच बंद आहे, आणि २०१५ पासून बैलही त्या बंदीत आले. त्यामुळे तिथे हाच हिशेब भाकड जनावराच्या चाऱ्यात आणि गोशाळेच्या दारात दिसतो.

हिशेब नेहमी जनावराच्या विरुद्ध जातो असेही नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतील गाय-बैलांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. वासरांचे भाव चढले, आणि पूर्वी जो शेतकरी 'ओढून पाहा, नाहीच आले तर राहू द्या' म्हणत असे, तो आता मध्यरात्री स्वतःहून सिझेरियन करायला सांगतो. काही उपाय तर इतके स्वस्त आहेत की प्रश्नच उद्भवत नाही. चाऱ्याबरोबर तारेचे तुकडे आणि खिळे गिळलेल्या गायीच्या पोटात बोटाएवढे लोहचुंबक नळीने सोडतात. ते दुसऱ्या, जाळीदार पोटात जाऊन आयुष्यभर तिथेच राहते आणि लोखंड स्वतःला चिकटवून हृदयाकडे जाऊ देत नाही. खर्च काही डॉलरचा. अनेक दूध उत्पादक तर प्रत्येक कालवडीला ते आधीच देऊन ठेवतात.

आणि ज्या शेतकऱ्याने गायीवर तीनशे डॉलर खर्चायला नकार दिला, तोच दुसऱ्या दिवशी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी हजार डॉलर मोजतो, हेही आम्ही पाहतो. मला त्यात ढोंग दिसत नाही. कुत्रा त्याच्या घरात राहतो, गाय त्याच्या वहीत. दोघांना तो आपापल्या जागी नीट सांभाळतो.

प्रश्न : डॉलरमध्ये कमाई असूनही तिथे ग्रामीण पशुवैद्यांचा तुटवडा आहे, हे खरे का? (एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, अहिल्यानगर)

उत्तर : खरे आहे, आणि त्याचे मुख्य कारण कर्ज आहे. येथे आधी तीन-चार वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि त्यानंतर पशुवैद्यकाची चार वर्षे करावी लागतात. ज्यांनी कर्ज काढले आहे अशा पदवीधरांच्या डोक्यावर सरासरी दीड लाख डॉलरहून अधिक बोजा असतो. शहरातील कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात पगार जास्त, रात्रीचे फोन नाहीत आणि गाय लाथ मारत नाही. त्यामुळे नव्या पदवीधरांपैकी फार थोडे निव्वळ पशुधनाकडे वळतात.

सरकारने उपाय केले नाहीत असे नाही. २००३ च्या एका संघीय कायद्यातून आलेली कर्जफेड योजना २०१० पासून प्रत्यक्षात आली. टंचाई जाहीर झालेल्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या बदल्यात वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतचे कर्ज फेडले जाई. कॅन्ससने २००६ मध्ये स्वतःची योजना काढली, तिच्यात विद्यार्थ्याला शिकत असतानाच सुरुवातीला वर्षाला २०,००० डॉलर मिळत आणि पदवीनंतर कमी लोकवस्तीच्या परगण्यात सेवा दिल्यावर ते माफ होत. मला कॅन्ससची पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, कारण ती कर्ज साचण्याआधीच माणूस निवडते, आणि निवडलेला बहुधा त्याच मातीतला असतो. पण कोणतीही योजना रात्रपाळी वाटून घेणारा दुसरा डॉक्टर देऊ शकत नाही, आणि एकट्याने चालवलेले दवाखाने मालक निवृत्त झाला की बंद पडतात, ते याच कारणाने.

टंचाईत एका नियमाची भर पडली. माणसांसाठीही महत्त्वाची असलेली प्रतिजैविके खाद्यातून किंवा पाण्यातून द्यायची तर पशुवैद्याची परवानगी लागते, हे २०१७ पासून होते. ११ जून २०२३ पासून शेतीमालाच्या दुकानात खुलेआम मिळणारी पेनिसिलिनसारखी इंजेक्शनेही चिठ्ठीशिवाय मिळेनाशी झाली. नियम योग्यच आहे. मात्र चिठ्ठी देण्यासाठी डॉक्टरला ते शेत आणि तो कळप माहीत असावा लागतो, आणि ज्याच्या पन्नास मैलांत डॉक्टरच नाही त्या चार मेंढ्यांच्या मालकाने काय करावे, याचे उत्तर नियमात नाही.

लहान दवाखाना टिकतो तो कुत्र्या-मांजरांच्या उत्पन्नावर. गोठ्यावरच्या फेरीत जाणे-येणे धरले तर तासाचा मोबदला दवाखान्यात बसून मिळतो त्याच्या निम्माही पडत नाही. म्हणजे गावातील आजीबाईंच्या मांजरीचे लसीकरण शेतकऱ्याच्या मध्यरात्रीच्या सिझेरियनला आधार देते. हे दोघांनाही ठाऊक नसते. आजच्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मुली आहेत, आणि 'बायकांना मोठी जनावरे झेपत नाहीत' असे म्हणणारे म्हातारे शेतकरी एकदा अरुंद कटीच्या पहिलारू गायीत लहान हात सहज फिरताना पाहिला की गप्प बसतात.

या व्यवसायाची काळी बाजूही लिहिली पाहिजे. रोग नियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या केलेल्या अभ्यासात पुरुष पशुवैद्यांच्या आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक, तर स्त्रियांचे साडेतीन पट आढळले. आता महाविद्यालयांत त्याविषयी उघडपणे शिकवले जाते आणि अनेक दवाखान्यांत मारक औषधांच्या कपाटाला दोन कुलपे लावतात. ही दुसऱ्या कुलपाची कल्पना मला भाषणांपेक्षा अधिक उपयोगाची वाटते.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपली पदवी तिथे चालते का? (एक विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : थेट चालत नाही. माझी पदवी मुंबईची, परळची. मलाही याच वाटेने यावे लागले. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेचा परदेशी पदवीधरांसाठी समकक्षता कार्यक्रम आहे. त्यात कागदपत्रांची छाननी, इंग्रजीची परीक्षा, मूलभूत व चिकित्सा विषयांची संगणकावरील परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष जनावरांवर काही दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षा असते. त्याखेरीज येथील विद्यार्थी देतात ती ३६० प्रश्नांची परवाना परीक्षा आणि राज्याचा परवाना. खर्च मोठा आहे आणि प्रात्यक्षिकात नापास होणारे पुष्कळ असतात, बहुधा भूल देण्याच्या आणि लहान जनावरांच्या शस्त्रक्रियेच्या भागात. म्हणून महाविद्यालयात असतानाच कुत्र्यांच्या नसबंदीच्या शिबिरांत जितके टाके घालायला मिळतील तितके घालून घ्यावेत. गायीत हात घालण्याची सवय तुम्हाला येथील बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा जास्तच असेल.

प्रश्न : मुलीकडे आयोवाच्या राजधानीत, डेमॉइनला येत आहोत. आम्ही शेतकरी आहोत. तिथले गोठे आणि डॉक्टरचे काम पाहता येईल का? (एक दांपत्य, सांगली)

उत्तर : येईल, पण काही पथ्ये पाळून. अमेरिकेत लाळ्या खुरकुताचा शेवटचा उद्रेक १९२९ मध्ये झाला, आणि तो रोग परत येऊ नये यासाठी येथे कमालीची दक्षता असते. विमानतळावर अलीकडे शेतावर किंवा गोठ्यात गेला होतात का, असे विचारतील, खरे सांगावे. गोठ्यात वापरलेल्या चपला-बूट आणूच नयेत. आल्यानंतर किमान पाच दिवस कोणत्याही जनावराजवळ जाऊ नये, असा कृषी खात्याचा सल्ला आहे. डुकरांच्या गोठ्यात तुम्हाला कोणी नेणार नाही, तेव्हा आग्रह धरू नये. विस्कॉन्सिनकडे किंवा आयोवाच्या ईशान्येला दूध उत्पादक मात्र आधी फोन केल्यास आनंदाने गोठा दाखवतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ नका. त्या दिवसांत डॉक्टरला बोलायला उसंत नसते. जुलैमध्ये परगण्यांच्या जत्रा भरतात आणि ऑगस्टमध्ये डेमॉइनला राज्याची मोठी जत्रा असते. तिथे शाळकरी मुले स्वतः वाढवलेली वासरे, मेंढ्या, डुकरे घेऊन येतात आणि प्रेक्षकांना जनावरांच्या कोठारांतून मोकळेपणाने फिरता येते. जनावरे उतरवण्याच्या दिवशी पशुवैद्य प्रवेशाच्या फाटकाशी कानातले बिल्ले आणि दाखले ताडून पाहत, गजकर्ण किंवा डोळे आलेले वासरू परत पाठवत उभा असतो. दुपारनंतर रांग संपते, तेव्हा जाऊन त्याला काय विचारायचे ते विचारा.